शेजारच्या खिडकीतले एक्याऐंशी गोल

पॉइंट कुक, मेलबर्न
२४ जून २०२०

चित्रे,

आशीर्वाद. पोस्टाला हल्ली आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा ते पोचेपर्यंत स्वतःची काळजी स्वतःच घे.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर तू मला बोलू देत नाहीस. व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर एक वाक्य टाकलं की पुण्यापासून पर्थपर्यंत चौकशा सुरू. तुझा भाऊ या घरात चार महिने अडकून पडलाय आणि त्याला कुणाची तरी टिंगल करायची आहे. ती घरातल्या घरात करता येत नाही, म्हणून तुला लिहितोय.

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आलो होतो. मे महिन्यात तुझ्याकडे येणार होतो. आता विमानं बंद, तुमच्या क्वीन्सलँडची सीमा बंद, आणि इथे घराघरांत दारं बंद. शैलेंद्र डायनिंग टेबलवर ऑफिस करतो, मयूरा बेडरूममध्ये मीटिंगा घेते, नात स्वरदाची अकरावी तिच्या खोलीत चालते. सगळे घरात असतात आणि कुणीच घरात नसतं. मी स्वयंपाकघरात बसतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजतो. एकदा मीटिंग चालू असताना शिटी झाली तर सूनबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच वाजवली.

या घरात देवाच्या आधी पीआरचं नाव घेतात. कायमच्या वास्तव्याची ती फाइल नोव्हेंबरपासून इमिग्रेशनकडे पडून आहे. मी मोठ्याने शिंकलो तरी शैलेंद्र म्हणतो, "बाबा, पीआर होईपर्यंत जरा सांभाळून." माझ्या शिंकेची इमिग्रेशनकडे नोंद होते की काय कोण जाणे.

चाळीस वर्षं वेधशाळेत नोकरी झाली, त्यामुळे सकाळी साडेआठला मी अजून वही घेऊन मागच्या अंगणात उभा राहतो. ढग किती, वारा कुठून, पाऊस आहे की नाही, लिहून ठेवतो. कुणी मागत नाही, पण हात थांबत नाही.

आता खरी बातमी. शेजारी चिनी कुटुंब आहे. मुलगी जिंग, तिचा नवरा, मुलं, आणि तिचे वडील मिस्टर शेन. म्हातारा माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच अडकलेला, सूचौहून नातवंडांना भेटायला आला तो आलाच. परवा रविवारी त्यांनी आमच्या दारात झाकलेला एक वाडगा ठेवला. आल्याच्या गरम गोड पाण्यात तांदळाच्या पिठीचे गोळे, पोटात काळ्या तिळाचं सारण. आपल्या उकडीच्या मोदकाचा लांबचा चुलतभाऊ म्हण. मयूराने हातमोजे घातले, वाडगा लांब धरला आणि सगळं कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये ओतलं. "कुठून काय येईल सांगता येत नाही, बाबा." तोवर मी दोन खाल्ले होते. तीन दिवस झाले, जिवंत आहे.

त्याच दिवशी म्हाताऱ्याने खिडकीत एक मोठा कागद लावला. आमच्या स्वयंपाकघरासमोरच येतो. नऊ ओळी, ओळीत नऊ गोल. रोज दुपारी तो खिडकीशी येतो, बाहेर बराच वेळ बघतो आणि एका गोलात लाल रंग भरतो. अर्धवटच भरतो. मयूरा भाजी चिरता चिरता ते बघते आणि तिची सुरी थांबते.

तुझा,
दादा


स्प्रिंगफील्ड लेक्स, ब्रिस्बेन
६ जुलै २०२०

दादा,

वाकून नमस्कार केलाय असं समज, प्रत्यक्षात गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

पत्र दोनदा वाचलं. तू सुनेची टिंगल करतोस आणि तिच्याच हातचं जेवतोस, हे विसरू नकोस. पण त्या मोदकांचं वाचून जीव हळहळला. तीळ वाटायचे, उकड मळायची, गोळे वळायचे, आणि शेजारणीने सरळ कचऱ्यात! वाडगा तरी भरून परत करा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं, हे आईने तुला नाही, मला शिकवलं होतं, कारण तू त्या वेळी गच्चीवर ढग मोजत होतास.

आणि हे सांग, चाळीस वर्षं आभाळाकडे बघितलंस, शेजारच्या माणसाकडे बघायला काय होतं? दहा पावलांवर कुंपण आहे. जा आणि विचार, "बाबा रे, हे काय भरतोस?" भाषा येत नसेल तर हात आहेत ना?

इथे आम्ही निवांत आहोत. तळ्याभोवती फिरतो, दोन हात अंतर ठेवून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतो. तुम्हा मेलबर्नकरांना मात्र आता कुणी दारात उभं करत नाही. सीमा उघडतेय, पण तुमच्यासाठी नाही. राखी पोस्टाने पाठवते.

चित्रा


पॉइंट कुक
१० ऑगस्ट २०२०

चित्रे,

राखी आज बांधली. आली होती शुक्रवारीच, पण मयूराने पाकीट तीन दिवस उन्हात ठेवलं. ऊनही मेलबर्नचं, म्हणजे पाकीट नुसतंच दमट झालं.

आम्ही आता लॉकडाउनच्या स्टेज फोरमध्ये आहोत. रात्री आठनंतर कर्फ्यू, पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, घरातून एकानेच खरेदीला जायचं, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. मोडलं तर भलामोठा दंड. आणि दंड म्हणजे पीआर. दंडाची पावती थेट फाइलला टाचली जाते अशी शैलेंद्रची समजूत आहे.

आतापर्यंत अशा वेळीही हेमचंद्र यायचा. इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, आवाज लाउडस्पीकरसारखा, राहतो दोन गल्ल्यांपलीकडे. दर दोन दिवसांनी ढोकळ्याचा डबा घेऊन मागच्या दाराने यायचा आणि तासभर बसायचा. डबा देणं नियमात बसतं म्हणे. तासभर बसणं त्या डब्यात येतं का, हे मी विचारलं नाही.

तर मयूराने शोध लावला की मिस्टर शेन आपल्या गल्लीत कोण कुणाकडे येतं त्याची हजेरी लिहितात. शैलेंद्रने लगेच एक्सेल शीट केली. आयटीतला माणूस, दुसरं काय करणार! खिडकीतल्या गोलाची डावी बाजू भरली तर आपलं घर, उजवी भरली तर पलीकडचं. २८ जुलैला हेमचंद्र आला होता, त्या दिवशी डावी बाजू लाल! "को-रिलेशन आहे, बाबा," म्हणाला. त्याचा चेहरा असा पडला होता की मला हसू दाबायला पंचा तोंडात धरावा लागला.

अगं, वेडी आहेत ही माणसं! मला आठवड्यापूर्वीच कळलं. वेधशाळेत आम्ही नकाशावर प्रत्येक ठिकाणासाठी एक गोल काढायचो आणि आभाळ जितकं ढगाळ तितका तो भरायचो. तोच गोल बघून मला राहवेना. खिडकीच्या पडद्याआडून मी त्यांचे चाळीस गोल उतरवून घेतले आणि माझ्या वहीशेजारी ठेवले. वरची बाजू लाल त्या दिवशी आभाळ भरलेलं. खालची बाजू लाल त्या दिवशी स्वच्छ ऊन. डावीकडे वारा, उजवीकडे पाऊस. चाळिसातले छत्तीस जुळले, आणि उरलेल्या चारांत मला वाटतं चूक माझी आहे, कारण मी सकाळी बघतो आणि ते दुपारी. २८ जुलैला हेमचंद्र आला होता हे खरं, पण त्या दिवशी वाऱ्याने आमची बिनही लोळवली होती. मधला भाग सगळ्यांत कोरा आहे. तो बहुतेक बर्फासाठी, आणि पॉइंट कुकला बर्फ कुठून पडणार?

हवामानाची नोंद आहे ती! माझ्यासारखाच एक खुळा भिंतीपलीकडे राहतो. आम्ही दोघे रोज एकाच आभाळाची नोंद घेतो. त्याला माहीत नाही, पण मी त्याला माझा मित्र मानतो.

आता तू विचारशील, घरात सांगितलंस का? नाही सांगितलं. आणि सांगणारही नाही. त्या कागदाच्या धाकाने घर कसं सुतासारखं सरळ आलंय! हेमचंद्राचा ढोकळा बंद झाला. मयूरा कचरा टाकायलासुद्धा मास्क लावून जाते आणि खिडकीकडे बघून नम्रपणे मान हलवते. सहा महिन्यांत पहिल्यांदा या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी भीती वाटतेय. थोडी मजा बघू दे मला.

वाडग्याचं विचारू नकोस. डेटॉलने तीनदा धुऊन, रिकामा, त्यांच्या पायरीवर ठेवला.

दादा


स्प्रिंगफील्ड लेक्स
१९ ऑगस्ट २०२०

दादा,

तुझी अक्कल गहाण पडलीय का?

तळ्यावर माझ्याबरोबर मिसेस वू चालते, तिला विचारलं. ती टाळ्या वाजवून हसली. तिचे आजोबा असंच करायचे. त्यांच्याकडे हिवाळ्यातला सगळ्यात छोटा दिवस म्हणजे सण. त्या दिवशी ते तिळाचे गोळे करतात, आणि तिथून नऊ नवांचे एक्याऐंशी दिवस थंडी मोजतात. रोज एक गोल, वर ढग, खाली ऊन, डावीकडे वारा, उजवीकडे पाऊस, मध्ये बर्फ. एक्याऐंशीवा गोल भरला की थंडी संपली. घरात कोंडलेल्या माणसांनी हिवाळा ढकलायची ती युक्ती. तुझी वेधशाळा बरोबर निघाली, शाब्बास.

तिने आणखी एक सांगितलं. चीनमध्ये हे डिसेंबरात करतात. तुझ्या त्या मिस्टर शेननी ते जूनमध्ये आणलं, कारण इथली थंडी जूनमध्ये असते. म्हाताऱ्याने सण उचलून इथल्या आभाळाखाली ठेवला! आणि आम्ही? बावीस वर्षं झाली मला या देशात. काळं कापड ऊन धरतं म्हणून थंडीतल्या संक्रांतीला काळं नेसायचं. ते आमच्या बायका जानेवारीत अडतीस अंशांत नेसतात, आणि हळदीकुंकवाला एकमेकींना वारा घालत बसतात. मी पण त्यांतलीच. मागच्या वर्षी सुनेच्या गळ्यातला हलव्याचा हार घामाने पाघळला आणि आम्ही तिला म्हटलं, "हसून फोटो दे."

पण मुद्दा तो नाही. तू मजा बघत बसलायस आणि तुझी माणसं घाबरलीत. घाबरलेली माणसं काय करतील याचा नेम नसतो, दादा. त्यातून त्यांना चिनी माणसावर राग काढायला या वर्षी कुणाची परवानगी लागत नाही. मिसेस वूच्या मुलाला इथे दुकानात एकाने तोंडावर शिव्या दिल्या. तू आज, हे पत्र वाचून संपायच्या आत, शैलेंद्रला सांग. गणपतीच्या आधी सांग.

चित्रा


पॉइंट कुक
२७ ऑगस्ट २०२०
(एक्स्प्रेस पोस्टाने पाठवतोय)

चित्रे,

तुझं पत्र आज मिळालं. गणपतीच्या आधी सांग म्हणालीस. गणपती शनिवारी होऊन गेले.

सगळं सांगतो, मध्ये बोलू नकोस.

मंडळाने यंदा ऑनलाइन उत्सव जाहीर केला होता. दुपारी तीन वाजता झूमवर हेमचंद्राचं भाषण होतं, "घरी राहा, सुरक्षित राहा." भाषण छान झालं, दीडशे लोकांनी ऐकलं. फक्त ते त्याने आमच्या दिवाणखान्यातून केलं. मागे पडद्यावर त्याच्या स्वतःच्या घराचा फोटो लावला होता, आणि कॅमेऱ्याच्या बाहेर आरतीसाठी बाहेरचे अकरा जण मोदकांच्या सुगंधात उभे होते. शैलेंद्रला मी म्हटलं, अरे, पीआर? तर म्हणाला, "बाबा, वर्षातून एकदाच असतं." मयूराने मिस्टर शेनच्या बाजूचे पडदे सेफ्टी पिनांनी बंद केले होते.

आरती दुसऱ्या कडव्याला आली आणि गल्लीत पोलिसांची गाडी शिरली. पुढे काय झालं ते सांगताना अजून हसू येतं, आणि हसू येतं याची लाज वाटते. अध्यक्ष मोदकाचं ताट घेऊन पॅन्ट्रीत शिरले. विनीता वहिनी, म्हणजे त्यांची बायको, लाँड्रीत ड्रायरमागे. दोघेजण गॅरेजमध्ये गाडीत आडवे झाले. बाप्पा एकटे बसले होते समोर, त्यांना लपायला जागा नव्हती. गाडी कोपऱ्यावरच्या घराशी पाच मिनिटं थांबली, त्यांना कसलीतरी चौकशी करायची होती, आणि निघून गेली. आमच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

पण मयूराने पिना काढून पलीकडे बघितलं. मिस्टर शेन खिडकीत उभे होते. त्या दिवसाचा गोल भरत होते, सातवी ओळ पूर्ण करत होते. "त्यांनीच पोलिसांना बोलावलं," मयूरा म्हणाली. हेमचंद्र पॅन्ट्रीतून तोंड पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "या लोकांना तिकडे सवयच असते शेजाऱ्यांवर नजर ठेवायची."

चित्रे, मी तिथे खुर्चीवर बसलो होतो. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? तीन आठवडे मी गंमत बघत होतो हे कळलं असतं. माझी फजिती होईल म्हणून मी गप्प बसलो. दुसरं कारण नाही.

रविवारी मयूराने इथल्या वसाहतीच्या फेसबुक ग्रुपवर त्या कागदाचा फोटो टाकला. शेजारी आमच्या हालचालींची नोंद ठेवतात, आणखी कुणाला असुरक्षित वाटतं का, असं लिहिलं. शैलेंद्रने लाइक केलं. मागच्या दिवाळीत याच ग्रुपवर आमच्या फटाक्यांवर आणि फोडणीच्या वासावर तक्रारी आल्या होत्या, "जिथून आलात तिथे जा" म्हणून. तीच मंडळी आता मयूराला "ब्रेव्ह" म्हणाली. एकशे चाळीस कॉमेंट्स. आमची सून दोन दिवस हवेत होती. इतकी वर्षं राहून तिला पहिल्यांदाच त्या लोकांनी आपलं म्हटलं होतं, आणि त्यासाठी दुसरा कुणी तरी परका करावा लागला.

काल, बुधवारी सकाळी साडेआठला वही घेऊन बाहेर गेलो. शेजारच्या खिडकीवर अंडी फोडलेली होती. काचेवरून पिवळं ओघळून वाळलं होतं. मिस्टर शेन स्टुलावर चढून घासणीने ते काढत होते. जिंग खालून त्यांचे पाय धरून उभी होती. मला बघून त्यांनी घासणी खाली केली, आणि दोघं आत गेली. थोड्या वेळाने कागद काढला गेला आणि पडदा ओढला गेला. सहासष्ट गोल भरले होते.

मी वहीत काही लिहिलं नाही. दुपारी मात्र लिहिलं, पाऊस नाही, वारा नैर्ऋत्येचा. सवय मेली जात नाही.

काय करू सांग.

दादा


स्प्रिंगफील्ड लेक्स
३ सप्टेंबर २०२०
(मीही एक्स्प्रेस पोस्टाने पाठवतेय)

दादा,

काय करू म्हणून मला कसला विचारतोस? बहात्तर वर्षांचा घोडा आहेस.

आधी घरात सांग. मग शेजारी जा. पुढच्या दाराने जा, दिवसाउजेडी, आणि माफी मागताना हवामानावर भाषण देऊ नकोस.

चित्रा


पॉइंट कुक
१४ सप्टेंबर २०२०

चित्रे,

तू सांगितलंस तसं केलं. हवामानावर भाषण दिलं नाही असं मात्र म्हणवत नाही.

मंगळवारी, आठ तारखेला, नाश्त्याच्या टेबलावर तिघांना सांगितलं. तो कागद काय आहे, मला कधी कळलं, मी का बोललो नाही. स्वरदा आधी बोलली, "Ajoba, you knew? And you let Mum do that?" मयूरा रडली, मग चिडली, आणि चिडली ते बरोबरच होतं. "तुम्ही माझा तमाशा बघत होतात, बाबा!" मी हो म्हटलं. शैलेंद्र म्हणाला, पोस्ट डिलीट करून टाकू, विषय संपला. केली डिलीट. एकशे चाळीस कॉमेंट्स एका बोटाने गेल्या. त्यांना वाटलं झालं. मी म्हटलं, मी शेजारी जातोय. तर शैलेंद्र दारात आडवा आला. "त्यांनी उलट आपली कम्प्लेंट केली तर? गणपतीला अकरा जण होते, त्यांनी बघितलेत. बाबा, आमची सात वर्षं आहेत त्या फाइलमध्ये." तो खरंच घाबरला होता गं. माझा मुलगा आहे, मला त्याची कीव आली. तरी त्याला बाजूला करून गेलो.

जिंगने दार अर्धं उघडलं. मी मास्कमधून माझं सरकारी इंग्रजी बोललो. आय अॅम सॉरी म्हटलं. आमच्या घरातून फोटो गेला म्हटलं. हा कागद म्हणजे तुमचा सण आहे, हवामान आहे, मला ठाऊक होतं, तरी बोललो नाही म्हटलं.

 जिंग म्हणाली, "यू आर द मॅन विथ द नोटबुक."

चित्रे, त्या माणसांना वाटत होतं की मी त्यांची नोंद ठेवतो! रोज सकाळी साडेआठला मी कुंपणाशी उभा राहतो, त्यांच्या छपरावरून बघतो आणि वहीत लिहितो. मग पडद्याआडूनही बघतो. तिच्या नवऱ्याला जुलैमध्येच माझी तक्रार करायची होती. मिस्टर शेननी त्याला थांबवलं. "म्हातारा माणूस आहे, त्याला दुसरं काही काम नाही, लिहू दे," असं म्हणाले. आणि मी ज्याला मनातल्या मनात मित्र करून टाकलं होतं तो माणूस तीन महिने मला बघून भीत होता. तरी त्याने माझ्यावर कुणाला सोडलं नाही. आमच्याकडे एक्सेल शीट होती, फेसबुक होतं, अध्यक्ष होते. आम्ही थांबलो नाही.

घरी येऊन मला वाटलं, माझ्याकडे द्यायला एक गोष्ट आहे. सव्वीस ऑगस्टपासून त्यांचा कागद आत आहे, पडदे बंद आहेत. एक्याऐंशी दिवस नऊ सप्टेंबरला संपत होते. मधल्या पंधरा दिवसांच्या नोंदी माझ्याकडे होत्या! दहा तारखेला सकाळी बसलो. स्वच्छ कागदावर पंधरा गोल काढले, तारखा घातल्या, वर ढग, खाली ऊन, डावीकडे वारा, उजवीकडे पाऊस, स्वरदाच्या लाल पेनने त्यांच्याच पद्धतीने भरले. खाली सही केली, निवृत्त निरीक्षक. फार आनंद झाला होता. मला वाटत होतं, असं काही शेजाऱ्याला दुसरं कोण देऊ शकेल? बघ, माफी मागायला गेलेला माणूस अजून शाबासकीच शोधत होता.

पाकीट त्यांच्या पायरीवर ठेवलं. परवा जिंग ते घेऊन आमच्या फाटकाशी आली. पाकीट परत दिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "माझ्या वडिलांनी थँक यू सांगितलंय. पण जो दिवस आपण खिडकीत उभं राहून बघितला, तोच गोल भरायचा असतो. हे पंधरा दिवस ते खिडकीत आले नाहीत. तेव्हा ते कोरेच राहतील."

मी म्हटलं, पण नोंदी अचूक आहेत. खरंच म्हटलं गं मी असं. जीभ झडली असती तर बरं. ती म्हणाली, "हो, ते म्हणाले तुमच्या नोंदी अचूक असतील." आणि गेली.

आज सकाळी कागद पुन्हा खिडकीत लागला. काच लखलखीत पुसलीय. सहासष्ट गोल लाल, पंधरा कोरे. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर. मिस्टर शेन कुठे दिसत नाहीत. त्यांचे दिवस संपलेत, त्यांना आता खिडकीशी येण्याचं कारण नाही. बाहेर खरंच ऊब आलीय, वसंत सुरू झालाय. वहीत लिहिलं, आणि आता साडेआठला मी पुढच्या बाजूला रस्त्यावर उभा राहतो, त्यांच्या छपराकडे पाठ करून.

मयूरा भाजी चिरायला ओट्याशी उभी राहिली आणि सुरी थांबली. समोरचे कोरे गोल तिने बोटाने मोजले. मग मला म्हणाली, "बाबा, हे आपल्याबद्दलच लावलंय ना?"

मी म्हटलं, हो. आता आपल्याबद्दलच आहे.

तुझा,
दादा